सोलापुरात मालक आहे, कामगार आहे. मधला माणूस कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. तुम्ही स्वतः एम.कॉम. केलंत आणि वर्गातले बरेच जण आज पुण्यात हिंजवडी-खराडीला आहेत. सोलापुरात विद्यापीठ आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. तरी विद्यापीठाचं शहर म्हणून इथला धंदा का वाढत नाही, आणि एखादी मोठी कंपनी आल्याशिवाय तो वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल, बँकेचे कागद आणि उत्पादन खर्चाचे हिशोब यातच माझी उमेदीची वर्षं गेली आणि अजूनही तेच चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वाढेल. मोठी कंपनी आली तर नको कोण म्हणेल? पण तिची वाट बघण्यात या शहराची एक अख्खी पिढी गेली. त्याआधीच्या पिढीने मोठ्या मालकावर विसंबण्याचं फळही पाहिलेलं आहे. 1870 च्या दशकात जुनी गिरणी सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. गावाचा दिवस भोंग्यावर उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा नुसता कामगार बसला नाही. त्याला महिन्याच्या वहीवर किराणा देणारा दुकानदार बसला, खाणावळ बसली, पोरांच्या फिया थकल्या. तग धरला तो शहराच्या पूर्व भागाने. घरात दोन-चार माग टाकलेल्या पद्मशाली कुटुंबांनी, सायझिंगवाल्यांनी (सुताला खळ देणारे), डाइंगवाल्यांनी (सूत रंगवणारे). एक मालक बुडाला की हजारो घरं बुडतात. शंभर छोट्या मालकांतले पाच-दहा बुडाले तर बाकीचे त्यांचे माग विकत घेतात.

आता अलीकडचं बघा. फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प 1320 मेगावॅटचा आहे. देशाला वीज लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण वीज केंद्राला तुमचा टॉवेल लागत नाही, शेजारच्या लेथवाल्याचं काम फारसं लागत नाही, आणि एकदा बांधून झालं की एवढ्या भांडवलाच्या मानाने माणसंही थोडीच लागतात. याउलट 1988 ची बालाजी अमाइन्स आणि 1992 ची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स. एक रसायनांची, एक मोटारींच्या इंजिनात लागणाऱ्या कॅमशाफ्टची. दोन्ही इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या, दोन्ही शेअर बाजारात गेल्या, आणि दोघींचं गिऱ्हाईक सोलापूरबाहेरचं, काही देशाबाहेरचंही. या काही बाहेरून आणलेल्या मोठ्या कंपन्या नव्हत्या. तेव्हा ‘कोण येणार?’ यापेक्षा ‘आहेत त्यातले कोण मोठे होऊ शकतात आणि त्यांचं अडतंय कुठे?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आता विद्यापीठाकडे येतो. ‘विद्यापीठाचं शहर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पुणे येतं: बाहेरगावची पोरं, त्यांच्या खोल्या, मेस, कॅफे, क्लास, दुचाकी दुरुस्ती. सोलापूरचं गणित वेगळं आहे. आपलं विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला स्थापन झालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. ते एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ आहे. म्हणजे विद्यार्थी येतो तो बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, सांगोल्यातून. खूप जण एसटीचा पास काढून, घरचा डबा घेऊन येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांच्या खिशातून शहराची बाजारपेठ उभी राहील या आशेवर जुळे सोलापूर या उपनगरात हॉस्टेल बांधायला निघालेल्या एकदोघांना मी आकडे मांडून दाखवले होते. मेडिकलचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका सोडल्या तर तो धंदा इथे बेताचाच.

म्हणजे आपल्या विद्यापीठाकडून शहराला पैसा मिळणार नाही, माणूस मिळेल. आणि नेमका तोच इथल्या धंद्याला हवा आहे.

तुमच्याच कारखान्यात बघा. वडील मालक. खाली मागवाले, कांडीवाल्या, शिलाई-घडीच्या बाया. एक जॉबर, तो मागाचा सगळा आजार ओळखतो. एक दिवाणजी, तो बिलं फाडतो आणि महिन्याला जीएसटीचे कागद सीएकडे पोचवतो. मग सुताचा सौदा कोण करतं? वडील. व्यापाऱ्याच्या वसुलीचा फोन? वडील. बँकेत? वडील. नवीन डिझाइन, नमुना पाठवणं, तक्रार ऐकणं, वीजबिल भरणं, सगळं वडील. मालक आणि मजूर यांच्यामध्ये कुणीच नाही. खर्च काढणारा, दर्जा तपासणारा, माल विकणारा, पत्र लिहिणारा असा मधला माणूस सोलापूरच्या छोट्या धंद्यात जवळजवळ नाहीच. म्हणून मालक एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि तिथेच थांबतो. भांडवल संपण्याआधी त्याचा दिवस संपतो.

मधला माणूस नसल्याची किंमत किती, ते टॉवेलवरच सांगतो. 30 बाय 60 इंचाचा टॉवेल घ्या. क्षेत्रफळ झालं साधारण 1.16 चौरस मीटर. 400 जीएसएमचा (चौरस मीटरला 400 ग्रॅम) माल ठरला असेल तर एक नग साधारण 465 ग्रॅम भरायला हवा. सूत सोयीसाठी 200 रुपये किलो धरू, म्हणजे नगामागे 93 रुपयांचं सूत. आता एका मागावर पाइलचा (टॉवेलवरचे फासे ज्या धाग्याचे होतात त्याचा) ताण ढिला आहे, फासे जरा उंच पडताहेत, नग 488 ग्रॅमचा निघतोय. पाच टक्के जास्त. हाताला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच. पण नगामागे साडेचार रुपयांच्या वर गेले आणि दहा हजार नगांच्या ऑर्डरमध्ये 46 हजारांच्या आसपास. व्यापारी त्याचा एक पैसा जास्त देत नाही, कारण तो डझनाचा भाव लावून मोकळा झालाय. दुसऱ्या मागावर उलटं असेल तर माल हलका भरतो आणि गठ्ठा परत येतो. या दोन्हीवर इलाज एकच: वजनकाटा, प्रत्येक मागाचे रोज चार-पाच नग, आणि एक तक्ता. यासाठी इंजिनिअर लागत नाही. संख्याशास्त्राचा किंवा कॉमर्सचा नीट शिकलेला विद्यार्थी हे करू शकतो. फक्त ते करायला कुणी ठेवलेलं नाही.

कारखानदाराला हे समजत नाही असं नाही. मी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, शिकलेला पोरगा टिकत नाही.’ ते खरंही आहे. इथे 12-14 हजार सांगतात, पुण्यात 25 मिळतात. पुण्याच्या 25 मधून सहा हजार कॉट बेसिसला, चार मेसला, तीन येण्याजाण्याला काढले की हातात 12 च राहतात, हा हिशोब मी पोरांना मांडून दाखवतो. ते ऐकतात आणि तरी जातात. कारण नुसता पैसा नाही. ‘कुठे आहेस?’ या प्रश्नाला ‘एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात’ असं सांगायला त्यांना जड जातं. शिवाय दोन वर्षांनी हातात काय येणार, हे इथला मालक सांगू शकत नाही. दुसरीकडे मालकाच्या मनातली भीती तो सहसा बोलून दाखवत नाही: हा पोरगा सुताचा भाव, गिऱ्हाइकांची यादी, उधारी सगळं बघेल आणि उद्या समोरच गाळा घेईल.

यावर मी सुचवत आलोय तो उपाय साधा आहे. एक माणूस पाच धंद्यांनी मिळून ठेवायचा. प्रत्येकाने महिन्याला सहा हजार दिले की त्याचा पगार 30 हजार होतो. तो पुण्यापेक्षा जास्त झाला आणि राहायला घर आहेच. प्रत्येकाकडे आठवड्यातला एक दिवस, सहावा दिवस कागदपत्रांचा. अट एकच, पाचही धंदे एकमेकांचे स्पर्धक नसावेत: एक टॉवेल, एक युनिफॉर्म, एक मसाला-चटणी, एक मशिन शॉप, एक डाळिंबाचं पॅकहाउस. म्हणजे भाव फुटण्याची भीती निम्मी कमी होते. त्या पोरालाही एकाच गाळ्यात बसून वर्षभर तेच काम करण्यापेक्षा पाच ठिकाणचे हिशोब बघायला मिळतात. दोन वर्षांत तो जे शिकतो ते पुण्याच्या बीपीओत पाच वर्षांत शिकणार नाही. सीए आपल्याकडे असंच काम करतात की, एका सीएकडे शंभर गिऱ्हाइकं. मग खर्च आणि दर्जा बघणारा माणूस वाटून घ्यायला हरकत काय?

विद्यापीठाने इथे काय करावं? नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, म्हणजे साधारण 120 तास. कागदावर हे सोनं आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मामाच्या दुकानाचा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र येतं आणि अहवाल झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो. विद्यार्थ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला जागा दाखवणारं कुणी नसतं. विषय कारखान्यातून यायला हवेत. ‘सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा अभ्यास’ असा गुळगुळीत विषय नको. ‘अमुक आठ मागांच्या वजनातला फरक’, ‘अमुक चटणी किती दिवसांत खवट होते’ असा नेमका हवा. चटणीचंच घ्या. आपली शेंगा चटणी नावाजलेली, पण शेंगदाण्याचं तेल हवेने आणि उन्हाने खवट होतं. दुकानदार पाकिटावर तीन महिने छापतात, कारण शेजारचा तीन महिने छापतो. कोणत्या पाकिटात, किती तापमानाला, कितव्या आठवड्यात वास बदलतो हे तपासणं रसायनशास्त्राच्या किंवा मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे. चटणीवाल्याला त्याचा सरळ फायदा असा, की ज्याचं पाकीट खात्रीने टिकतं तो बेंगळुरूच्या दुकानात माल ठेवू शकतो. बाकीच्यांचा माल इथल्या नवी पेठेच्या बाजारापलीकडे फार जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी रोज डोळ्यासमोर असून दिसत नाही. पुणे रोडला केगावला विद्यापीठ. त्याच रस्त्यावर, तिथेच, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, 2005 पासूनचं. तसंच पुढे गेलं की चिंचोळी एमआयडीसी. तिघं एकाच महामार्गावर आहेत आणि एकमेकांना भेटतात ते उद्घाटनाच्या मांडवात. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, संशोधन केंद्राने ‘सोलापूर लाल’सारखा वाण काढलाय, सांगोल्याचा शेतकरी तेल्या आणि मर रोगाने बेजार आहे, आणि त्याच सांगोल्याची पोरं विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकताहेत. माती-पाणी-पान तपासणी, फवारणीचं वेळापत्रक, बहार धरण्याचा सल्ला, फळांची प्रतवारी ही सगळी गावात बसून चालणारी सेवा आहे. बागायतदार पैसे द्यायला तयार असतो. आज तो ते औषधाच्या दुकानदाराला देतो आणि दुकानदार सल्ला देतो तो आपल्याकडच्या शिल्लक बाटल्या बघून. (सगळेच तसे नसतात. पण सल्ला आणि विक्री एकाच काउंटरवर असली की असं होणारच.)

इचलकरंजी बघा. तिथे मागांच्या गावातच 1982 मध्ये डीकेटीईची वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी संस्था उभी राहिली आणि आपल्याकडच्या कितीतरी कारखानदारांची मुलं तिथे शिकायला जातात. तिरुपूरच्या निर्यातदारांनी तर आपल्या संघटनेमार्फत होजिअरी-फॅशनचं कॉलेज स्वतःच काढलं. दोन्ही ठिकाणी धंद्याने पुढाकार घेतला. सोलापुरात विद्यापीठाने इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नवे धंदे उभे करायला मदत करणारं केंद्र, काढलंय, चांगलं आहे, पण तिथे येणाऱ्या पोरांना ॲप काढायचं असतं. ॲप जरूर काढा. मात्र ज्या शहरात हजारो माग चालतात तिथे मागाचा धागा तुटला की गजर देणारं स्वस्त यंत्र, वीजभाराची नोंद, सुताच्या साठ्याचा हिशोब यांना पहिलं गिऱ्हाईक दारातच आहे. नव्या धंद्याला पैशाआधी पहिलं गिऱ्हाईक लागतं. कारखानदारांच्या संघटनांनी वर्षाला चार-पाच अशा अडचणी लिहून द्याव्यात आणि जो सोडवेल त्याच्याकडून माल घेण्याची लेखी हमी द्यावी. बक्षिसाचा चेक आणि शाल-श्रीफळ यांपेक्षा ती हमी मोलाची.

युनिफॉर्मच्या धंद्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. चादर-टॉवेलपेक्षा तो तरुण आहे. कापड भिलवाड्याहून, भिवंडीहून येतं, शिलाई इथे होते, माल देशभर जातो. इथल्या कारखानदारांनी 2017 मध्ये सोलापुरात युनिफॉर्मचं प्रदर्शन भरवलं आणि बाहेरच्या खरेदीदाराला पहिल्यांदा मोठ्या संख्येने इथे आणलं. त्यातून कळलं की गिऱ्हाईक दाखवलं की सोलापूर माल देऊ शकतं. आता अडचण दोन जागी आहे. एक, हंगाम. आपल्याकडे शाळा जूनला उघडते, म्हणून जानेवारी ते मे रात्रपाळी आणि मग काम ओसरतं. उत्तर भारतातल्या शाळा एप्रिलला सुरू होतात, आखातातल्या काही सप्टेंबरला. ते वेळापत्रक जुळवून ऑर्डर आणणारा विक्रेता असेल तर मशीन आणि कामगार दोन्ही जास्त महिने चालतील. दुसरी, पडून राहणारे साइज. प्रत्येक गोदामात 24 आणि 40 नंबरचे गठ्ठे धूळ खात असतात, कारण साइजचं प्रमाण अंदाजाने ठरतं. चार शाळांत जाऊन इयत्तेप्रमाणे मापं घेतली, मागच्या तीन वर्षांची विक्री साइजवार मांडली तर हा अंदाज कितीतरी सुधारतो. पुन्हा तेच, मधल्या माणसाचं काम.

आपल्या पोरांकडे एक भांडवल असं आहे जे पुण्याच्या पोरांकडे नाही. पूर्व भागातला मुलगा घरात तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, अक्कलकोटकडचा असेल तर कन्नड, बाजारात हिंदी नाहीतर दखनी. हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूर, तिन्ही बाजारपेठा रस्त्याने गाठण्यासारख्या. हैदराबादच्या व्यापाऱ्याशी तेलुगूत बोलून ऑर्डर आणणाऱ्या पोराला आपण दिवाणजीच्या टेबलाशी बसवून बिलं फाडायला लावतो. मला विचाराल तर भरतीच्या जाहिरातीत ‘इंग्रजी उत्तम हवे’ याच्या आधी ‘तेलुगू किंवा कन्नड येत असल्यास प्राधान्य’ लिहायला हवं.

शिलाईचा कामगार मिळत नाही ही तक्रार सगळे करतात. त्याच वेळी विड्या वळणाऱ्या बायांच्या पुढच्या पिढीला विडीत यायचं नाही, आणि येऊही नये. कुंभारीजवळ रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प झालाय. त्यातल्या पहिल्या 15,000 घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं. एवढी वस्ती शहराच्या बाहेर गेली, पण काम मात्र अजून शहरात आणि अक्कलकोट रोडला. बाईला दोन बस बदलून यायला लावण्यापेक्षा शिलाईचा शेड तिकडे नेला तर माणसं मिळतील. नेणारे कारखानदार मागे सरतात, कारण तिकडे लाइन सांभाळणारा सुपरवायझर नसतो. त्याच वस्तीतली बारावी-पदवी झालेली मुलगी तीन महिने शिकवून सुपरवायझर होऊ शकते, आईच्या वयाच्या बायांशी ती त्यांच्या भाषेत बोलू शकते. सोलापुरातल्या शिकलेल्या मुलींना घराजवळ बरी नोकरी हवी असते. हा साठा आपण वापरतच नाही.

पैशाबद्दल दोन शब्द. अनुदानाच्या योजना येतात-जातात, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू असलेल्या बघा, पण अनुदान आहे म्हणून मशीन घेऊ नका. मशीन घ्यायला बँक कर्ज देते. धंदा अडतो तो उधारीत. सूत रोखीने किंवा आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर, माल मात्र तीन-तीन महिन्यांच्या उधारीवर. सगळं खेळतं भांडवल व्यापाऱ्याच्या वहीत अडकलेलं. कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. शिवाय 2024-25 या आकारणी वर्षापासून, म्हणजे 2023-24 च्या हिशोबापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, देईल त्या वर्षीच दाखवता येते. तक्रार केली की गिऱ्हाईक तुटतं, हे मलाही माहीत आहे. म्हणून तक्रार नको. उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म-लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि फेब्रुवारीत सगळ्यांना बाकीचं स्टेटमेंट नम्र पत्रासह पाठवा. व्यापाऱ्याचा सीएच त्याला सांगतो, ‘यांचं मार्चच्या आत मोकळं करा.’ भांडण न होता पैसे येतात. हे पत्र लिहायलाही कुणीतरी लागतं, म्हणून वडिलांना पुन्हा सांगतो, माणूस ठेवा.

विमान, वंदे भारत, आयटी पार्क याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून जे राजकारण झालं त्यात मी पडत नाही. जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, त्याआधी फेब्रुवारी 2023 पासून मुंबईची वंदे भारत आहे. बाहेरच्या खरेदीदाराला इथे येऊन गाळा बघणं सोपं झालं, हा फायदा खरा. माल मात्र ट्रकनेच जाणार. आयटी पार्क झाला तर आनंद आहे. पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात पुण्याहून परतलेली जोडपी किती दिवस राहतील, हे आधी बघा. उजनीचं पाणी उशाला असून ही गत. पाण्याचा प्रश्न सुटला तर मला वाटतं दहा घोषणांइतकी माणसं आपोआप परत येतील.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लगेच पाच कारखाने जोडायला जाऊ नका. आधी तुमच्या आठ मागांचा वजनाचा तक्ता सुरू करा. विद्यापीठातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना भेटून दोन विद्यार्थी मागा, विषय लिहून द्या, आणि त्यांना फुकट राबवू नका. महिना तीन-चार हजार बँकेतून द्या, म्हणजे ते वेळेवर येतील आणि तुम्हीही त्यांच्याकडून काम मागाल. ट्रेनिंग बहुतेक दुसऱ्या सत्रात असतं, तेव्हा बोलणी दिवाळीनंतर लगेच व्हायला हवीत. तीन महिन्यांचे आकडे हातात आले की ते घेऊन एखाद्या युनिफॉर्मवाल्याकडे आणि एखाद्या चटणीवाल्याकडे जा, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. वडील सुताच्या भावाची वही बाहेरच्याला दाखवायला तयार होणार नाहीत, हे गृहीत धरा. ती मागूही नका. नगाचं वजन, मागाचा नंबर, तारीख आणि पाळी एवढ्यावर पहिला तक्ता होतो, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नसतं.